स्टेज २ ऑक्टाव्हिया व्हीआरएस साताऱ्यात रोजची गाडी म्हणून चालवायचीय, काय काढू आणि काय ठेवू?

यवतेश्वर_वळण (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. पुण्याहून सेकंड हँड स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० घेतलीय, २०१७ ची. आधीच्या मालकाला हौस दांडगी होती, त्यामुळे गाडी आलीय ती अशी: स्टेज २ रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून ताकद वाढवलेली), कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेला तीन इंची डाउनपाइप (टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पहिला पाइप), मागे जवळपास सरळ पाइप, बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकप) एकदम खाली बसवलेले, १९ इंची रिमवर २३५/३५ टायर, कडक पॉलियुरेथेनची इंजिन माउंटिंग, ट्रॅकचे ब्रेक पॅड, आणि ड्रायव्हरला बकेट सीट. आनेवाडी टोल सोडला की अशी पळते की बोलायचं काम नाही. पण गाव सातारा आहे ना राव. शाहूपुरीतून निघून एमआयडीसीला जायचं, संध्याकाळी राजवाड्याकडनं परत यायचं, आणि दर दोनशे फुटांवर कुणीतरी हौसेने बांधलेला गतिरोधक. ग्रेड सेपरेटरमध्ये शिरलो की विमान उतरल्यासारखा आवाज होतो, वरची माणसं खाली वाकून बघतात. आई एकदा बसली, गोडोलीपर्यंत गेली आणि येताना म्हणाली मी रिक्षाने येते. बायकोचं म्हणणं वेगळं, तिला पेट्रोलचा आणि धुराचा वास येतो आणि डोकं दुखतं. शंभरला सहाव्या गिअरमध्ये कानात अशी गुणगुण बसते की शेजारच्याशी बोलता येत नाही.

विकायची नाहीये. पूर्ण कंपनी फिटिंगही करायची नाहीये. सगळं एकदम जमणार नाही, तर सुरुवात कुठून करू ते सांगा.

मिरज_जंक्शन

विक आणि डिझेल घे. गंमत केली. पण खरं सांगू का, अर्धी विक, म्हणजे ते कॉइलओव्हर आणि १९ ची रिमं. उरलेली गाडी आपोआप चांगली वाटायला लागेल.

तेरा_चौदा_पाना

मी कराडला असतो, या इंजिनवर हात काळे झालेत म्हणून जरा लांब लिहितो.

सगळ्यात आधी आधीच्या मालकाला फोन लाव. असली माणसं ओरिजिनल सामान टाकत नाहीत, माळ्यावर नाहीतर बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गोणीत बांधलेलं असतं. डाउनपाइप, सायलेन्सर, एअरबॉक्स, सीट, माउंटिंग, यातलं जेवढं मिळेल तेवढं गोड बोलून उचल. नवीन डाउनपाइप कॅटसकट घ्यायला गेलास तर किंमत ऐकून घाम फुटेल, कॅटमध्ये मौल्यवान धातू असतात म्हणून ते तसंच आहे.

आता पहिलं काम. लोक शॉकप म्हणतील, मी म्हणतो माउंटिंग. सिग्नलला उभा असताना आरसा थरथरतो का, स्टेअरिंग आणि सीटमधून बारीक कंप येतो का, एसी लावला की वाढतो का? ते ९० टक्के पॉलियुरेथेनमुळे. कंपनीच्या रबरी माउंटिंगचं कामच इंजिनचा कंप बॉडीत न जाऊ देणं हे असतं. ती घालून बघ, खर्च या यादीत सगळ्यात कमी आणि फरक घरच्यांना न सांगता कळेल. कडकपणा ठेवायचाच असेल तर खालच्या बाजूच्या डॉगबोन माउंटिंगमध्ये मऊ ग्रेडचा इन्सर्ट घाल, गिअर टाकताना इंजिन मागेपुढे उडी मारतं ते त्यानेच आवरतं. वरची दोन रबरीच हवीत.

मग शॉकप. इथे एक गैरसमज काढून टाक, कॉइलओव्हर म्हणजे दगड असं काही नसतं. तुझ्या गाडीत दगड झालाय कारण ते तळाला टेकवलेत. शॉकपला आत जायला जागाच उरली नाही, बारीक खड्डा आला तरी गाडी बंपस्टॉपवर (शॉकपच्या टोकाच्या रबरी अडणीवर) आदळते, आणि तो जो दणका पाठीच्या मणक्यात बसतो तो स्प्रिंगचा नसतो, बंपस्टॉपचा असतो. खात्री करायची असेल तर दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांध, बंपस्टॉपच्या खाली, आणि रोजच्या रस्त्याने एक चक्कर मार. टाय वरपर्यंत सरकून बंपस्टॉपला चिकटलेली दिसली की समज प्रवास संपतोय. उंची कंपनीच्या उंचीपेक्षा फार तर १५ मिमी कमी ठेव. ज्या सेटमध्ये उंची आणि प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला ताण) वेगळे फिरतात त्यात खालच्या बुडख्याने उंची वाढव, स्प्रिंग दाबून नाही. आणि रिबाउंडचे (दाबलेला शॉकप किती वेगाने परत उघडतो त्याचे) क्लिक मऊ बाजूला आण, पण एकदम शेवटपर्यंत नको, नाहीतर गतिरोधकानंतर गाडी डुलत राहते आणि मागच्या सीटवर बसणाऱ्याला मळमळतं. उंची बदलली की व्हील अलाइनमेंट करायचीच. आधीच्याने कॅम्बर (चाकाचा आत कललेला कोन) खूप दिला असणार, टायरची आतली कड हाताने चाचपून बघ, झिजून तार लागत असेल तर आधी टायर.

नाद_कोल्हापुरी

आयला सगळंच काढायचं म्हटल्यावर गाडीत राहिलं काय? खाली बसलेली गाडी घाटात चिकटून जाते रे. उंच केली की डोलणार. मग ऑक्टाव्हियाची साधी स्टाइल ट्रिमच घ्यायची होती की.

तेरा_चौदा_पाना

भावा, समोर मॅकफर्सन स्ट्रट आहे. गाडी प्रमाणाबाहेर खाली घेतली की खालचा आर्म चाकाकडे वर चढतो आणि रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) झपाट्याने खाली जातं, गाडीच्या वजनाचं केंद्र जेवढं खाली जातं त्याच्यापेक्षा जास्त. म्हणजे बॉडी कलायला उलट जोर मिळतो आणि तो झाकायला अजून कडक स्प्रिंग घालायची. पसरणीच्या वळणात मध्येच डांबर उखडलेलं लागलं की बंपस्टॉपवर बसलेली गाडी चाक उचलते आणि बाहेर सरकते. योग्य उंचीची गाडी तिथे सरळ निघून जाते. दिसायला खाली आणि पळायला चांगली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आपल्या रस्त्यांवर.

हळदीचं_गाव

सांगलीकर हजर. शॉकपचं वर आलंय तेवढं पुरे, मी टायर आणि आवाजावर बोलतो कारण आम्ही पेठ नाक्याच्या रस्त्याचे जुने दिवस बघितलेत आणि तिथे रिम वाकवून घेतलेली माणसं आमच्या घरातच आहेत.

२३५/३५ आर १९ ची साइडवॉल किती? २३५ चे ३५ टक्के, ८२ मिमी. २२५/४५ आर १७ घातलंस तर १०१ मिमी. जवळजवळ २ सेंटिमीटर जास्त रबर आणि हवा, आणि खड्ड्याच्या कडेवर तेच वाचवतं. २२५/४० आर १८ चा एकूण व्यास ६३७ मिमी, १७ वाल्याचा ६३४, म्हणजे स्पीडोमीटरलाही काही फरक पडत नाही. तुझं १९ वालं ६४७ ला जातं, आतल्या लायनरला घासत असेल बघ. पीसीडी (बोल्ट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५ x ११२, मधलं भोक ५७.१. बाहेरची रिम घेतलीस तर हब रिंग नक्की घाल, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग हलेल आणि तू बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देत बसशील. १७ घेण्याआधी एक रिम नुसती चढवून कॅलिपरला लागत नाही ना ते बघ, अडत असेल तर गुपचूप १८ घे. हलकी रिम मिळाली तर उत्तम, कारण चाकाचं वजन शॉकपला उचलायला लागतं.

आता गुणगुण. चार सिलिंडर फोर स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे, म्हणजे ८० हर्ट्झ. हा आवाज मोठा नसतो, खोल असतो, आणि केबिनची पोकळी नेमकी त्याच्याच आसपास घुमते, म्हणून बाहेरच्याला काही वाटत नाही आणि आतल्याचं डोकं उठतं. काचा थोड्या खाली केल्या की कमी होतो का बघ, होत असेल तर निदान पक्कं. यावर जे पाइप नावाचा उपाय आहे, एक्झॉस्टला बाजूने बंद टोकाचा पाइप वेल्ड करायचा, लांबी तरंगलांबीच्या पावपट. आतला वायू गरम असल्यामुळे आवाजाचा वेग हवेतल्यापेक्षा बराच जास्त, २०० ते ३०० अंशांना साधारण ४४० ते ४८० मीटर धर. म्हणजे ८० हर्ट्झला साधारण १.४ ते १.५ मीटरचा बंद पाइप हवा. स्पेअर व्हील आणि टाकीच्या मधून एवढा पाइप वळवून बसवायला चांगला वेल्डर लागतो, आणि तो फक्त त्याच आरपीएमच्या आसपास काम करतो. त्यापेक्षा मधला कंपनीचा रेझोनेटर आणि मागचा मोठा सायलेन्सर परत लाव. वालचंदला असताना आम्ही असल्या पाइपांवर बरेच दिवस घालवले, शेवटी मोठा डबाच जिंकतो.

घरचं_पेट्रोल

सायलेन्सरने पिकअप जातो का हो? भाबडा प्रश्न आहे, माझी पोलो जीटी आहे.

हळदीचं_गाव

टर्बो गाडीत टर्बाइन स्वतःच अर्धं सायलेन्सरचं काम करतं. अडथळा महत्त्वाचा असतो तो टर्बोच्या लगेच पुढे, डाउनपाइपमध्ये. मागचा डबा मोठा आणि मोकळा असला तर रस्त्यावर जाणवण्याइतकं काही जात नाही.

आरटीओ_समोर

मजेत बोलताय सगळे पण कुणीतरी कागदाचं बोलायला पाहिजे म्हणून मी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठाम सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं १८२ए (४) मालकाला लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे शब्द नीट वाच. आवाज आणि धुरासाठी १९० (२) वेगळं, पहिल्या वेळी १०,००० पर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पोवई नाक्यावर थांबवला तर "आधीच्या मालकाने केलंय" हे कारण चालत नाही, आरसी तुझ्या नावावर आहे.

त्याहून मोठा प्रश्न विम्याचा. बदल कळवलेले नसतील आणि उद्या खंबाटकीत कुणाला लागलं, तर सर्व्हेयर गाडीखाली वाकणारच. मी सगळंच काढायचं म्हणत नाही, पण कॅट परत येईपर्यंत तू रोज जुगार खेळतोयस. वहिनींना जो वास येतोय तो न जळालेल्या हायड्रोकार्बनचा आहे आणि बरोबर कार्बन मोनॉक्साइड पण असतो, ज्याला वासच नसतो. मागे गॅस्केट किंवा जॉइंट लीक असेल तर तो केबिनमध्ये येतो. हे आधी बघ, आजच. मुलं मागे बसत असतील तर माउंटिंग बिऊंटिंग नंतर.

बकेट सीट पण काढ. ओरिजिनल सीटच्या कुशीत साइड एअरबॅग असते. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागलेला आहे का, की कुणीतरी रेझिस्टर लावून विझवलाय?

यवतेश्वर_वळण

दिवा विझलेला आहे. म्हणजे काय समजायचं ते समजलो.

तेरा_चौदा_पाना

आरटीओवाल्यांचं बरोबर, क्रम बदलतो. आधी एक्झॉस्ट लीक आणि कॅट, मग सीट, मग माउंटिंग, मग शॉकप.

बूस्ट_मास्तर

मला मॅपबद्दल बोलायचंय कारण कुणी बोललंच नाही आणि रोजच्या त्रासाचं निम्मं मूळ तिथे आहे.

व्हीआरएस २३० कंपनीकडून २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, आणि तो टॉर्क १५०० पासूनच. गिअरबॉक्स डीक्यू२५०, सहा गिअर, ओला क्लच, कागदावर त्याची क्षमता पण ३५० च्या आसपासच. म्हणजे कंपनीनेच बॉक्स काठोकाठ भरून दिलाय. स्टेज २ मध्ये चारशेच्या वर टॉर्क जातो. तेव्हा पहिला प्रश्न, टीसीयूचा (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचा) मॅप केलाय का? नसेल तर क्लचचा दाब जुनाच आहे आणि तो निसटतोय. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर ६०,००० किमीला बदलायचं असतं, सेकंड हँड गाडीत बिल हातात नसेल तर बदललेलं नाही असंच धर. तेल झाल्यावर स्कॅनर लावून बेसिक सेटिंग करायला सांग. रांगताना जो धक्का बसतो तो बऱ्याचदा एवढ्यानेच निम्मा होतो. (वर पोलोवाले आहेत त्यांच्यासाठी, तुमचा डीक्यू२०० सुका क्लच, वेगळं प्रकरण, हे सगळं तुम्हाला लागू नाही.)

दुसरं, एक्सलेटरचा मॅप. असल्या ट्यूनमध्ये २० टक्के पॅडल दाबलं की ५० टक्के टॉर्क मागतात, गाडी "रेसी" वाटावी म्हणून. पॉवर तेवढीच असते, नुसती पुढे सरकवलेली. मोती चौकात पायाचा अंगठा हलला तरी गाडी उसळते ती म्हणून. ट्यूनरला सांग पॅडल सरळ रेषेत आण, आणि पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये टॉर्क कमी ठेव. पुढची चाकं ओढणारी गाडी आहे, दुसऱ्या गिअरमध्ये चारशे न्यूटन मीटर जमिनीवर उतरतच नाही, पावसाळ्यात यवतेश्वरला तर नुसतं ट्रॅक्शनचा दिवा फडफडतो.

तिसरं पेट्रोल. फाइल कुठल्या ऑक्टेनवर केलीय? पुण्यात १०० ऑक्टेनचं मिळतं, तिथला माणूस त्याच्यावर ट्यून करून मोकळा होतो, आणि गाडी इथे येऊन साधं पेट्रोल पिते. नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतो, गाडी जड होते, गरम होते आणि पिते पण जास्त. तिसऱ्या गिअरमध्ये एक लॉग (स्कॅनरने इंजिनच्या आकड्यांची नोंद) घे, शेंद्रेच्या पुढे सकाळी रस्ता मोकळा असतो, पण ऊस सुरू झाला की नको, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कधी आडवा येईल सांगता येत नाही. चारही सिलिंडरचं टायमिंग किती अंश मागे येतंय ते बघ. ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मुळे फ्युएल ट्रिम (इंजिन इंधनात स्वतः करतं ती दुरुस्ती) थोडी प्लसमध्ये दिसेल, त्याला घाबरू नको, तेवढ्याच हवेला इथेनॉल पेट्रोलपेक्षा जास्त लागतं. जे पेट्रोल तुला रोज मिळतं त्याच्यावर ट्यून करून घे, वीसेक घोडे गेले तर जाऊ देत.

आणि एक सवय. १५०० आरपीएमला सहाव्या गिअरमध्ये पॅडल तळाला टेकवायचं नाही. लो स्पीड प्री-इग्निशन म्हणतात, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनची रिंगपट्टी फुटते. थेट इंजेक्शनच्या टर्बोला हा धोका असतोच, टॉर्क वाढवलेल्या गाडीत जास्त. गिअर खाली घे मग दाब.

नाद_कोल्हापुरी

मास्तर मग मोठा टर्बो टाकला तर? आयएस३८, गोल्फ आर वाला. बसतो म्हणे.

बूस्ट_मास्तर

बसतो. आणि तीन हजाराच्या आधी झोपलेला असतो. कंपनीचा आयएस२० दोन हजाराला पूर्ण जागा. तू गावात किती वेळ तीन हजाराच्या वर असतोस? धाग्याचं नाव परत वाच.

घरचं_पेट्रोल

उघड्या फिल्टरबद्दल सांगा ना, तो "सुस्स" आवाज मला फार आवडतो.

तेरा_चौदा_पाना

आवाज आवडतो म्हणून ठेव, पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. चढाला, मे महिन्यात, मागे ट्रक पुढे ट्रक, तेव्हा इंजिनला भट्टीतली हवा मिळते आणि मग इंटरकूलर बिचारा काय करणार, तो या गाडीत एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये दाबून बसवलेला असतो. ओरिजिनल एअरबॉक्स समोरून थंड हवा घेतो. त्यात पॅनेल फिल्टर घाल आणि ऊसाच्या हंगामात जरा लवकर बदल, पाचट आणि माती किती जाते ते फिल्टर उघडल्यावर कळतं. मोठा इंटरकूलर लावायचा असेल तर तो मात्र खुशाल लाव, रोजच्या गाडीला त्याचा त्रास काही नाही, फायदाच आहे.

ब्रेक पॅड पण बदल. ट्रॅकचे पॅड गरम झाल्याशिवाय धरत नाहीत, सकाळी गेटबाहेर पहिला ब्रेक मारशील तेव्हा गाडी दोन हात पुढे जाऊन थांबते, आणि वर किंचाळतात. चांगले रस्त्याचे पॅड आणि ताजं डॉट ४ तेल घाल, पसरणी उतरायला तेवढं पुष्कळ, फक्त गिअरमध्ये उतर.

मिरज_जंक्शन

आमच्याकडे जुने लोक म्हणतात टर्बो गाडी बंद करायच्या आधी दोन मिनिटं उभी ठेवायची. खरं का?

बूस्ट_मास्तर

या इंजिनला टर्बोचं पाणी फिरवायला वेगळा इलेक्ट्रिक पंप आहे, गाडी बंद केल्यावरही गरज पडली तर चालतो. खंबाटकी चढून लगेच ढाब्यावर बंद करू नकोस एवढंच, शेवटचे दोन किलोमीटर निवांत चालव. खरी काळजी तेलाची. ५डब्ल्यू-४०, व्हीडब्ल्यू ५०२ ०० चं, आणि पुस्तकात १५,००० लिहिलं असेल तरी मॅप केलेल्या गाडीत निम्म्याला बदल. कूलंटची पातळी पण बघत जा, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपचं प्लॅस्टिकचं घर हा या ईए८८८ इंजिनचा माहीत असलेला कच्चा दुवा आहे.

यवतेश्वर_वळण

सगळ्यांचे आभार. थोडी खबर देतो. आधीच्या मालकाला फोन केला, डाउनपाइप कॅटसकट त्याच्याकडे होता, ड्रायव्हरची सीट आणि एअरबॉक्स पण. सायलेन्सर मात्र त्याने भंगारात दिला म्हणे. डाउनपाइप उघडला तेव्हा टर्बोजवळच्या क्लॅम्पला काळी काजळी होती, म्हणजे आरटीओवाले म्हणाले तसा लीक होताच. आता वास बंद. कंपनीची सीट बसवून स्कॅनर लावला, एरर गेले, रेझिस्टर काढून खिशात ठेवलाय. माउंटिंग रबरी केली, डॉगबोनला मऊ इन्सर्ट. पाना दादा, तुमचं ऐकून बरं झालं, हा फरक मला शॉकपपेक्षा जास्त वाटला. कॉइलओव्हरला केबल टाय बांधून शाहूपुरी ते एमआयडीसी गेलो, टाय पूर्ण वर. उंची वाढवलीय, अलाइनमेंट झाली. आई काल बसून यादोगोपाळ पेठेत जाऊन आली, म्हणाली बरी आहे पण दार जड आहे.

आवाज अजून आहे. कंपनीचा सायलेन्सर शोधतोय. मॅप पण स्टेज १ वर आणायचं ठरवलंय, डाउनपाइपच ओरिजिनल झाल्यावर स्टेज २ ला काही अर्थ नाही, आणि पॅडल सरळ करून मागतोय.

नाद_कोल्हापुरी

ते १९ ची रिमं आणि टायर किती सोडणार? खरं विचारतोय.

यवतेश्वर_वळण

एक रिम आतून थोडी वाकलीय, येऊन बघ मग बोलू. तुझ्या गाडीचा पीसीडी ११२ च आहे ना?

आरटीओ_समोर

रिमं विकायच्या आधी विमा कंपनीला मेल टाकून ठेव काय काय परत ओरिजिनल केलंय ते, फोटोसकट. आणि पीयूसी नवीन काढ, कॅट आल्यावर आयडलचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन) किती येतो ते इथे टाक, मला बघायचंय.